अठरा खड्डे आणि एक हिशेब

गोल्फ या खेळाशी जून २०२५ पर्यंत माझा संबंध एवढाच होता, की आमच्या एका शाखाधिकाऱ्यांच्या टेबलावर गोल्फ खेळणाऱ्या गृहस्थाची पितळी मूर्ती असे आणि तिने उगारलेल्या काठीला मी रिकाम्या वेळी रबर बँड अडकवून ठेवत असे. गोल्फ साहेबांनी खेळायचा आणि आम्ही क्लार्क लोकांनी साहेब कुठे गेलेत ते गिऱ्हाइकाला सांगायचे नाही, अशी कामाची वाटणी होती. (आता क्लार्क म्हणायचे नाही. २०२४ च्या करारात आमचे बारसे होऊन आम्ही ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ झालो. घुगऱ्या मात्र त्याच.) कलकत्त्याला इंग्रजाने १८२९ साली, म्हणजे पेशवाई बुडून पुरती अकरा वर्षे झाली नाहीत तोच, गोल्फ क्लब काढला. ब्रिटिश बेटांबाहेरचा हा सर्वांत जुना क्लब. सत्ता हाती आली की साहेबाला पहिली आठवण कशाची होते हे यावरून कळावे.

तर अशा मला, बी. कॉम. सेकंड क्लास, मुक्काम कुडाळ, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर भर पावसात दुसऱ्याच्या काठ्यांची पिशवी ओढत अठरा खड्डे हिंडावे लागणार आहे, हे कोणा ज्योतिषाने सांगितले असते तर मी त्याचे खातेसुद्धा उघडून दिले नसते.

हा ‘दुसरा’ म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. गेली बारा वर्षे तो लिमरिकला आहे. “एकदा येऊन जा, एकदा येऊन जा” म्हणता म्हणता यंदा त्याने सरळ आम्हा चौघांची तिकिटेच काढून पाठवली. माणसाने तिकीट पाठवले की त्याच्या घरी आपले मत चालत नाही. त्यामुळे रविवारी सकाळी बायकामुले क्लिफ्स ऑफ मोहरचे कडे बघायला गेली आणि मला धाकट्याने गाडीत घालून लाहिंचला नेले.

लाहिंच हे क्लेअर परगण्यातले समुद्रकाठचे गाव. तिथला गोल्फ क्लब १८९२ सालचा. दोन वर्षांनी स्कॉटलंडहून ओल्ड टॉम मॉरिस नावाचे गोल्फमधले भीष्माचार्य आले आणि त्यांनी मैदान आखून दिले. मैदान म्हणायची आपली पद्धत. तिथे मैदानी असे काहीच नाही. वाळूचे डोंगर, त्यांवर गुडघाभर गवत, मध्ये दऱ्या आणि पलीकडे अटलांटिक महासागर. अशा जागेला ते ‘लिंक्स’ म्हणतात. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली वाळूची पट्टी, जिथे नांगर चालत नाही. आमच्याकडे तिला पुळण म्हणतात. आम्ही पुळणीवर सुरू लावतो आणि अलीकडे रिसॉर्ट लावतो. त्यांनी गोल्फ लावला. वाळू असल्यामुळे कितीही पाऊस पडला तरी पाणी साचत नाही आणि म्हणून खेळ थांबवायला सबब सापडत नाही.

पाऊस तर होताच. कोकणच्या माणसाला कोणी पाऊस दाखवू नये अशी माझी समजूत होती. पण आमचा पाऊस चार महिन्यांत एकरकमी भरणा करून मोकळा होतो. यांचे रिकरिंग डिपॉझिट आहे. या किनाऱ्यावर वर्षातले सुमारे सव्वादोनशे दिवस हप्ता चुकत नाही. शिवाय आमचा पाऊस वरून खाली पडतो, ही त्याची रीत आहे. तिथला पाऊस समोरून येतो. पहिल्याच चढणीवर माझ्या छत्रीने डोळे फिरवले आणि काड्या वर करून ती निजधामाला गेली.

क्लबाचे सभासद म्हणून आमच्याबरोबर सत्तरीचे एक निवृत्त शाळामास्तर होते. धाकटा त्यांचा पाहुणा आणि मी पाहुण्याचा पाहुणा. म्हणजे जामीनदाराचा जामीनदार. मास्तर बोलके होते. हवा कशी राहील असे मी विचारताच त्यांनी बकऱ्यांकडे बोट दाखवले. क्लबाच्या चिन्हातच बकरी आहे आणि मैदानावर खऱ्या बकऱ्या चरतात. त्या दूर टेकड्यांवर असल्या तर हवा चांगली, क्लबाच्या इमारतीशी येऊन उभ्या राहिल्या तर वाईट. क्लबातला वायुभारमापक म्हणे बिघडला, तेव्हा त्यावर ‘बकऱ्या पाहा’ अशी चिठ्ठी लावली होती. हे मला लगेच पटले. आमच्याकडेही यंत्र बंद पडले की ‘लिंक नाही’ असा कागद लावतात. गिऱ्हाइकाला बघायला बकऱ्या मात्र देत नाहीत. त्या दिवशी सगळ्या बकऱ्या इमारतीच्या भिंतीला अंग घासत उभ्या होत्या.

आम्ही मालवण तालुक्यातले म्हटल्यावर मास्तरांनी माझा हात पुन्हा एकदा हलवला. लिओ वराडकर २०१७ साली त्यांचे पंतप्रधान झाले, पुढे २०२२ मध्ये पुन्हा झाले, त्यांचे वडिलांकडचे घराणे आमच्या तालुक्यातल्या वराड गावचे. आमचे गाव तिथून दोन डोंगर सोडून. त्यामुळे ‘आपलाच माणूस’ अशा अर्थाची मान मी हलवली. एवढ्या भांडवलावर मला पुढे दोनदा कॉफी मिळाली.

“दादा, कार्ड तू सांभाळ,” धाकटा म्हणाला. “बँकवालो मा तू!” आम्ही दोघे भाऊ एकटे असलो की मालवणीतच बोलतो.

कार्ड म्हणजे अठरा रकान्यांचा एक जाड कागद. प्रत्येक खड्ड्यात चेंडू घालायला किती टोले लागले ते त्यात लिहायचे. खड्डा सव्वाचार इंचांचा, म्हणजे आपल्या पाण्याच्या पेल्याहून थोडा मोठा. अशा अठरा पेल्यांसाठी दोन कोस तंगडतोड करायची, काठ्या चौदांपेक्षा जास्त न्यायच्या नाहीत आणि सगळे मिळून बहात्तर टोल्यांत उरकायचे, असा सरकारी अंदाज. त्याला ‘पार’ म्हणतात. अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च यांत जे नाते असते, तेच पार आणि धाकट्याच्या खेळात होते.

कार्ड हातात देताना मास्तर गंभीर झाले. त्यांनी मला रॉबेर्तो दे विसेन्झोची गोष्ट सांगितली. हा अर्जेंटिनाचा गडी. १९६८ साली अमेरिकेत ऑगस्टाला मास्टर्स स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी सतराव्या खड्ड्यात त्याने तीन टोल्यांत चेंडू घातला. जोडीच्या खेळाडूने कार्डावर चुकून चार लिहिले. याने न बघता सही केली. तीन टोले सगळ्या जगाने टेलिव्हिजनवर पाहिले होते. पण सहीच्या कार्डावर आकडा जास्त असेल तर तोच धरायचा आणि कमी असेल तर खेळाडूच बाद, असा नियम. पहिल्या क्रमांकाची बरोबरी त्या एका आकड्याने हुकली. त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता.

माझ्या अंगावर काटा आला तो थंडीचा नव्हता. न बघता सही! वीस वर्षांच्या नोकरीत मी लग्नाच्या रजिस्टरावरसुद्धा तारीख तपासून सही केली आहे. त्या क्षणापासून मी पेन्सिल सरसावली आणि धाकट्यावर नजर ठेवली.

नजर ठेवायला कारण होते. लहानपणी आम्ही अंगणात गोट्या खेळत असू तेव्हा धाकटा अट्टल चोर. माझी पाठ वळली की त्याची गोटी पायाच्या अंगठ्याने वीतभर पुढे सरके आणि विचारले की शपथ घ्यायला एक सोडून तीन देव तयार. गोल्फ म्हणजे तरी काय? गोट्याच. फक्त वाकायला नको म्हणून काठी घेतलेली. अशा माणसाच्या तोंडच्या आकड्यावर विश्वास ठेवून मी कार्ड भरणे म्हणजे कर्जदाराने सांगितलेले व्याज कर्जदाराच्याच नावे मांडणे.

पहिला घोटाळा मात्र माझ्याच हातून झाला. धाकट्याने चेंडू टोलवला आणि “फोर!” म्हणून ओरडला. मी चार मांडले. मास्तरांनी खोडायला लावले. ‘फोर’ म्हणजे चौकार नव्हे, ‘डोकी सांभाळा’ अशी पुढच्यांना दिलेली हाळी. क्रिकेटमध्ये वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

चौथा खड्डा म्हणजे ‘क्लॉन्डाइक’. पहिला टोला दरीत मारायचा. मग समोर वाळूचा तीनमजली डोंगर आडवा येतो. खड्डा त्याच्या पलीकडे कुठेतरी. डोंगरावर झेंडा घेऊन एक माणूस उभा असतो, कोकण रेल्वेच्या गार्डसारखा. त्याने खूण केली की देवावर हवाला ठेवून चेंडू पलीकडे फेकायचा. धाकट्याने फेकला आणि तो डोंगर चढून दिसेनासा झाला. मी पिशवीची ढकलगाडी घेऊन वळसा घालीत गेलो. चाके वाळूत रुतली, टोपी उडाली, ती आणायला गेलो तर गाडी कलंडली. चौदा काठ्या वेचून मी पोचलो तेव्हा धाकटा खड्ड्यातून चेंडू काढीत होता.

“दादा, आठ लिव.”

मी मनातल्या मनात सहा धरले होते. “आठ? कशे?”

“एक पलीकडच्या गवतात गेलो. थंय मी गवत बाजूक करतना चेंडू हललो. त्येचो एक दंड.”

“पण कोणी बघूक नाय मा!”

“मी बघलंय मा,” तो म्हणाला आणि नाक पुसत पुढे चालू लागला.

मी आठ लिहिले. लिहिताना हात जरा अडखळला. अंगठ्याने गोटी सरकवणारा तो पोरगा बारा वर्षांत कुठे हरवला, हे मला कोणी कळवले नव्हते.

पाचव्या खड्ड्याचे नाव ‘डेल’. हा तर आंधळ्या कोशिंबिरीचाच प्रकार. दीडशे यार्डांवर दोन टेकड्यांच्या बेचक्यात हिरवळ लपलेली. खड्डा नाही, निशाण नाही, काही दिसत नाही. पुढच्या टेकडीवर चुना फासलेला एक पांढरा दगड मात्र असतो. खड्ड्याची जागा रोज बदलतात आणि त्याप्रमाणे हा दगडही हलवतात. दगडाच्या रेषेत मारायचे. पुढे १९२७ साली अॅलिस्टर मॅकेन्झी नावाच्या नामांकित आखणीकाराने सगळे मैदान बदलले, तरी सभासदांनी हट्टाने हे दोन खड्डे जसेच्या तसे ठेवायला लावले. आमच्याकडे दगडाला शेंदूर लावून त्याच्या भरवशावर अख्खा गाव चालतो, त्यामुळे मला यात काही नवल वाटले नाही.

मागे कोणी नव्हते. मास्तरांना वाटले, एवढ्या लांबून आलेल्या माणसाने एक तरी टोला मारावा. मी काठी घेतली, दगडाला मनोमन नमस्कार केला आणि जीव खाऊन हाणला. चेंडू होता तिथेच होता.

“एक,” मास्तर म्हणाले.

“पण लागलाच नाही!”

“मारायचा इरादा होता ना?”

“होता.”

“मग मोजायचा.”

आमच्याकडे गिऱ्हाइकाने पैसे काढायचा नुसता इरादा केला तर खात्यातून वजा होत नाहीत, हे मी त्यांना सांगणार होतो. दुसरा टोला टेकडीला लागून घरंगळत माझ्या पायाशी परत आला, सही जुळत नसलेल्या चेकसारखा. तिसरा मात्र कसा कोण जाणे, दगडावरून सणसणत पलीकडे गेला! मी शाळकरी पोरासारखा टेकडी ओलांडून धावलो. चेंडू सापडेना. मास्तरांनी घड्याळ लावले. शोधायला तीन मिनिटे. २०१९ च्या आधी पाच असत, आता तीनच. तीन मिनिटे संपली की चेंडू हरवला असे समजायचे, एक टोला दंड भरायचा आणि मागे जाऊन जिथून मारला होता तिथूनच पुन्हा मारायचे.

“तीन मिनिटे?” मी म्हटले. “आमच्याकडे दहा वर्षे कोणी फिरकले नाही तरच खाते बेवारस ठरून पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात. तिथूनसुद्धा मागितले की मिळतात.”

“म्हणून तुमच्या काउंटरवर एवढी रांग असते,” धाकटा म्हणाला.

पुढचे आठदहा खड्डे मी पावसात वितळत चाललो. तेराव्या-चौदाव्याच्या सुमारास वाऱ्याने असा काही जोर धरला की आम्ही तिघे एका टेकडीच्या आडोशाला उकिडवे बसलो. मास्तरांनी आणखी एक गोष्ट काढली. १९२५ सालची अमेरिकन ओपन. बॉबी जोन्स हा तेव्हाचा सर्वांत गाजलेला हौशी खेळाडू. लांब गवतात काठी टेकवताना त्याचा चेंडू किंचित हलला. कोणी पाहिले नाही. पंच म्हणाले, आम्हाला दिसले नाही, तुम्ही म्हणाल तसे. त्याने स्वतःवर एक टोला दंड लावून घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि फेरलढतीत तो एका टोल्याने हरला. लोक त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक करू लागले, तेव्हा तो म्हणे म्हणाला, मी बँक लुटली नाही म्हणून माझे कौतुक करण्यातलाच हा प्रकार आहे.

“तुम्ही बँकेतले,” मास्तर हसत म्हणाले, “तुम्हाला हे आवडेल.”

मीही हसलो. हसताना नाकात पाणी गेले.

आता सांगायलाच हवे. वीस वर्षांत माझ्या काउंटरला रुपयाची शॉर्ट नाही. कधी दहाची नोट जास्त भरली तर गिऱ्हाइकाला बाजारात गाठून परत केली आहे. पण २०१८ साली गावच्या घराचे छप्पर काढले, तेव्हा धाकट्याने तीन लाख रुपये पाठवले होते. वासे, रिपा, कौले, मजुरी, सुताराचा चहा धरून खर्च झाला दोन लाख अठ्ठावन्न हजार. उरलेल्या बेचाळीस हजारांचे मी स्कूटरचे डाउन पेमेंट केले. बाकीचे कर्ज बँकेचे, स्टाफच्या व्याजाने. धाकट्याला कळवले, ‘पैसे बरोबर पुरले.’ घराच्या देखरेखीला दर शनिवारी गावी जायचे तर वाहन हवेच, म्हणजे हा खर्च घरखातीच पडतो, अशी नोंद मी मनातल्या मनात पास केली होती. बी. कॉम. झाल्याचा असा उपयोग होतो. पण सात वर्षे ती रक्कम सस्पेन्स अकाउंटला लोंबकळत होती आणि दर दिवाळीला धाकट्याचा फोन आला की मला तिची बाकी दिसत असे. स्कूटरच्या मागे मी ‘आईचा आशीर्वाद’ असे लिहून घेतले आहे. हिशेबाने तिथे ‘भावाचा’ हवे होते.

अठराव्या हिरवळीवर पाऊस एकदम थांबला. मास्तर त्यांचा चेंडू शोधायला मागे राहिले होते. धाकटा शेवटच्या टोल्यासाठी वाकला. चेंडू आणि खड्डा यांत दीड हात अंतर. त्याने तो टोला मारून घेईपर्यंत तरी मी थांबायला हवे होते. पण थांबलो असतो तर कुडाळपर्यंत थांबलो असतो.

“अरे, त्या छपराच्या पैशातले बेचाळीस हजार उरलेले. मी तुका सांगूक नाय.”

तो वाकलेलाच राहिला. “किती?”

“बेचाळीस.”

“खंय गेले?”

“स्कूटरीत.”

त्याने टोला मारला. चेंडू खड्ड्याच्या कडेवरून वळसा घालून पलीकडे गेला. दीड हातावरून! त्याने पुन्हा मारला, चेंडू काढला, पुसला, खिशात टाकला. माझ्याकडे पाहिले नाही. समोर समुद्र होता, तो दोघांनी बराच वेळ पाहिला. तीन मिनिटे तरी झाली असतील.

“सात वर्षां झाली,” शेवटी तो म्हणाला. “शोधूची मुदत तीन मिनटां. चेंडू हरवलो.”

“म्हंजे माफ?”

“माफ कसो? हरवलो तर दंड, आणि मागे जावन परत मारूचा. पडवीची कौलां अजून घालूची आसत मा? ती तू घाल. तुझ्या पैशान.” जरा थांबून त्याने पिशवीची गाडी माझ्याकडे ढकलली. “आणि ही गाडयेपर्यंत तू ओढ. दंड.”

वीस वर्षांत एवढ्या स्वच्छ आवाजात मला कोणी ऑडिटचा शेरा दिलेला नाही. पडवीच्या कौलांना आजच्या भावाने साठ हजार पडतील हे मला ठाऊक होते. पण सात वर्षांचे व्याज धरले तर तेही रास्तच, असे मी त्या ओल्या बुटांत उभा राहून तोंडी काढले. मग कार्डावर धाकट्याचा अठरावा आकडा, त्यात तो हुकलेला टोलाही धरून, मांडला. कोपऱ्यात ४२,००० लिहिले आणि दोन्हींच्या खाली, नीट बघून, सही केली.

तेवढ्यात मास्तर आले. त्यांनी चष्मा पुसून कार्ड पाहिले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

“बेचाळीस हजार? हे कुठल्या खड्ड्यातले?”

“टेकडीपलीकडच्या,” धाकटा म्हणाला. “तिथे काय चालतं ते इकडून दिसत नाही.”